आईला सांगितलेला सिनेमा

नाताळ जवळ आला की माझी नात टीव्हीवर परदेशी सिनेमे लावते. त्यात नेहमी बर्फ असतो, एक गरीब घर असतं, कोणाचं तरी काम सुटलेलं असतं, आणि शेवटी सगळे एका टेबलाभोवती बसून हसतात, डोळे पुसतात. माझी सून उशी पोटाशी धरून रडते. नात माझ्याकडे बघून म्हणते, "आजी, तुला काहीच नाही होत का गं? एकदम पत्थर आहेस तू." मी हो म्हणते. असा एक सिनेमा मी सातवीत असताना पाहिला होता, आणि शेजारी बसून तो आईला मराठीत सांगितला होता. कसा सांगितला, हे ज्यांना ठाऊक होतं त्यातलं आता एकच माणूस उरलं आहे. म्हणून लिहून ठेवते.

तेव्हा आम्ही अन्नपूर्णेच्या देवळाजवळ राहत होतो. आज तिथे रस्ता ओलांडायचा तर माझा मुलगा माझा दंड धरतो. तेव्हा देवळापलीकडे शेतंच होती. आमची चार खोल्यांची ओळ होती, प्रत्येक खोलीपुढे एक ओटला, मागे एक चिंचोळी पडवी आणि सगळ्यांत मिळून एक नळ. सकाळी आधी देवळातली घंटा ऐकू यायची, मग नळाखाली बादली लावल्याचा आवाज, मग बाबांचं खाकरणं. बाबा सांवेर रोडवरच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. कंपनीची बस चौकात यायची आणि बाबांना बस चुकायची भीती इतकी, की ते अर्धा तास आधीच बूट घालून ओटल्यावर बसायचे. रविवारी मात्र घरात पोहे. वर सेव, बारीक कांदा, लिंबू, आणि बाबांनी कोपऱ्यावरून आणलेली गरम जिलबी. थंडी पडली की संध्याकाळी गराडूचा ठेला यायचा. त्या कंदाच्या तळलेल्या फोडींवर मसाला आणि लिंबू पिळून तो कागदात द्यायचा, आणि आई पहिली फोड फुंकर घालून माझ्या तोंडात घालायची. मी एकुलती एक होते. पहिली फोड, पोळीचा पहिला पापुद्रा, दुधावरची साय, सगळं माझं होतं. ते कोणी घेऊ शकतं हे माझ्या डोक्यातही नव्हतं.

शेजारच्या खोलीत सिस्टर राहायची. ती एका मिशनच्या दवाखान्यात नर्स होती, म्हणून सगळी ओळ तिला सिस्टरच म्हणायची, आईसुद्धा. मूळची नगरकडची, मराठी ख्रिस्ती. नवरा लवकर गेला होता. तिची मुलगी रूथ माझ्याच वर्गात होती. आमची शाळा त्याच मिशनची, इंग्रजी माध्यमाची. बाबांनी हट्टाने मला तिथे घातलं होतं. रूथला सिस्टरच्या नोकरीमुळे तिथे प्रवेश मिळाला होता. रूथ काळीसावळी, काटकुळी, शांत मुलगी. अक्षर छापल्यासारखं. शाळेत प्रार्थनेला तिला पुढे उभी करत, कारण ती पहिला सूर धरायची आणि बाकीच्या दोनशे मुली तिच्यामागे जायच्या. तोवर मला तिचं काही वाटत नव्हतं. शेजारची मुलगी, एवढंच.

त्या वर्षी पावसाळा संपता संपता सिस्टर खोकायला लागली. दिवाळीपर्यंत कळलं की टीबी आहे. तिला गावाबाहेरच्या सॅनेटोरियममध्ये भरती केलं, आणि निघायच्या दिवशी तिने तोंडाला पदर लावून, आमच्या ओटल्याच्या दोन पायऱ्या खाली उभं राहूनच आईला विचारलं, "ताई, मानपूरला माझा भाऊ आहे. तो येईपर्यंत चार दिवस रूथला ठेवाल का?" रूथची तपासणी झाली होती, तिला काही नव्हतं. तरी ओळीतल्या शेवटच्या खोलीतल्या काकूंनी आईला बाजूला घेऊन सांगितलं, "वहिनी, तुमच्या घरात पण लेकरू आहे. सोचून घ्या." आई म्हणाली, "सोचलं." आणि रूथची पत्र्याची पेटी स्वतः उचलून आत आणली.

चार दिवसांचे चार आठवडे झाले. डॉक्टरांनी सांगितलं होतं की मुलीला ताकदीचं खायला द्या, रोज दूध आणि एक अंडं. आमच्या घरात अंडं म्हणजे काय सांगू. मी एकदा मैत्रिणीकडे ऑम्लेट खाऊन आले होते तर आईने मला दारातच चूळ भरायला लावली होती. तीच आई आता मागच्या पडवीत जुना स्टोव्ह पेटवून, एका वेगळ्या पातेलीत रोज सकाळी अंडं उकडायला लागली. नाक पदराने झाकून उकडायची, पण उकडायची. सोलायला मात्र तिला जमत नसे. ते रूथ करायची. मी पडवीच्या दारात उभी राहून बघायची. मी म्हणाले, "मला पण पाहिजे." आई म्हणाली, "तुला कशाला? तू काय आजारी आहेस?" मी म्हणाले, "ती तरी कुठे आजारी आहे?" आईने माझ्याकडे असं बघितलं की मी शाळेची पिशवी उचलून निघून गेले.

मत्सर कसा वाढतो हे मला कोणी विचारावं. तो मोठ्या गोष्टींवर वाढत नाही. बाबा संध्याकाळी आले की आधी मला हाक मारायचे. एक दिवस त्यांनी, मला लाडाने म्हणायचे तसंच, "काय भिया, कॅरम होऊन जाऊ दे" असं रूथला म्हटलं, कारण मी हरले की सोंगट्या उधळून द्यायची आणि ती नाही. आई तिला पोळ्या लाटायला शिकवायला लागली, आणि आठ दिवसांत तिची पोळी फुगायला लागली. माझी अजूनही फुगत नाही, वयाची साठी उलटली तरी. ती नळावर भांडी घासताना गुणगुणायची आणि आई आतलं काम थांबवून ऐकायची. गाणं येशूचं आहे की कोणाचं, याचं आईला काही नव्हतं. "गळा बघ किती गोड आहे पोरीचा," ती म्हणायची. माझ्या गळ्याबद्दल कधी कोणी काही बोललं नव्हतं. गराडूची पहिली फोड आता आई दोन तुकडे करून द्यायची. अर्धा तुकडा तोंडात घेऊन मी मनात मोजत बसायची की कुणाचा मोठा होता.

आणि रूथचं काही चुकत नव्हतं, हे सगळ्यात वाईट. ती माझं काही घेत नव्हती. मी न मागता ती माझं वह्या-दप्तर आवरून ठेवायची, माझ्या नकाशात नद्या भरून द्यायची. झोपताना अंथरुणाच्या कडेला इतकी सरकून निजायची की मला अडीच माणसांची जागा मिळावी. मला ती भांडखोर हवी होती. चोर असती तर किती बरं झालं असतं.

डिसेंबरात तिच्या मामाचं पत्र आलं. तो मानपूरला हायवेवर ट्रकच्या टायरचं काम करायचा. त्याने लिहिलं होतं की मामी बाळंतीण होती म्हणून उशीर झाला, आता केव्हाही येऊन भाचीला घेऊन जातो, तिकडच्या शाळेत नाव घालतो. आईने ते पत्र बाबांकडून दोनदा वाचून घेतलं. वार्षिक परीक्षा तीन महिन्यांवर होती. आई म्हणाली, "वर्षाच्या मध्येच शाळा सोडवायची म्हणजे..." बाबा म्हणाले, "मामा आहे शेवटी. आपण कोण?" आईने पत्र डब्याखाली ठेवून दिलं, उत्तर पाठवलं नाही. मी रोज शाळेतून आले की डब्याखाली बघायची. ते पत्र म्हणजे माझी एकुलती एक आशा होती.

नाताळच्या सुट्टीआधी आमच्या शाळेत सिनेमा दाखवायचे. हॉलच्या खिडक्यांना काळी कापडं लावत, पुढे पांढरा पडदा, मागे प्रोजेक्टर. त्या वर्षी आईवडिलांनाही बोलावलं होतं. बाबांना सुट्टी नव्हती. आई जांभळी साडी नेसून, कपाळावरचं कुंकू दोनदा पुसून पुन्हा लावून आली. ती त्या शाळेत पहिल्यांदाच येत होती आणि दारातच मला म्हणाली, "कुंदा, मला काही इंग्लिशबिंग्लिश कळायचं नाही. तू जवळ बैस आणि सांगत जा." मिसने मागच्या खुर्च्यांवर आईबरोबर बसायची आम्हाला परवानगी दिली. मधे आई, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला रूथ.

सिनेमा तसाच होता, जसे असतात. एक बाई, विधवा. बर्फात लोकांचे कपडे धुणारी. तिला दोन मुलं, थोरली मुलगी माझ्याएवढी. घरात खायला पुरत नाही. नाताळच्या आठवड्यात शेजारची बाई दवाखान्यात जाते आणि तिची मुलगी या घरी राहायला येते. मी पडद्याकडे बघत होते आणि माझे कान तापायला लागले. जणू कोणी आमच्या पडवीत येऊन बघून गेलं होतं. त्या थोरल्या मुलीला आधी राग येतो, ती पाव लपवून ठेवते. मग हळूहळू तिचा राग जातो. आई आपला एकुलता एक कोट कापून पाहुण्या मुलीसाठी छोटा कोट शिवते, आणि थोरली त्याला स्वतःच्या फ्रॉकची बटणं काढून लावते. तिथे हॉलमध्ये सगळ्या बायका नाकं ओढायला लागल्या.

"काय म्हणाली गं ती?" आईने विचारलं.

पडद्यावरची बाई म्हणाली होती, जिथे तिघांना पुरत नाही तिथे चौघांनाही पुरणार नाही, मग चौथ्याला उपाशी ठेवून काय मिळवायचं. मला प्रत्येक शब्द कळला होता. मी आईच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाले, "ती म्हणते आहे की ही मुलगी आल्यापासून घरातलं सगळं संपून राहिलंय."

आई म्हणाली, "अरेरे."

ते इतकं सोपं होतं की मी पुढे जात राहिले. मी सांगितलं की त्या मुलीला एक मामा आहे, श्रीमंत. तो तिला कधीचा बोलावतो आहे, पण ती जात नाही, आणि पत्र आलं ते या लोकांना दाखवत नाही. सिनेमात मामा नव्हताच. मी सांगितलं की थोरली मुलगी बटणं लावते आहे ती स्वतःच्या कोटाला, आणि तो तिच्याकडून काढून घेतात. शेवटी टेबलावर सगळे बसले, शेजाऱ्यांनी लाकडं आणली, आणि त्या बाईने पाहुण्या मुलीला मिठी मारली, तेव्हा मी म्हणाले, "आता ती मामाकडे चालली. हा निरोप देऊन राहिलेत. ती गेल्यावर सगळं ठीक होतं."

मधे एकदा रीळ बदलायला दिवे लावले होते. त्या उजेडात आईच्या मांडीपलीकडून रूथने माझ्याकडे बघितलं. आपला आवाज तिथवर जातो हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. ती रागावली असती, रडली असती, तर मी काहीतरी बोलले असते. तिने नुसतं बघितलं, आणि मग स्वतःच्या हातांकडे बघत बसली. दिवे गेले आणि मी पुढचं खोटं सांगायला घेतलं. आजही मला माझ्या लबाडीपेक्षा याचं नवल वाटतं, की त्या नजरेनंतरसुद्धा मी थांबले नाही.

 घरी येताना देवळापाशी आल्यावर आईने रूथला विचारलं, "का गं, शेवटी ती पोर मामाकडेच गेली ना?"

 रूथ दोन पावलं चालली आणि म्हणाली, "हो काकू. गेली."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा बूट घालून ओटल्यावर बसलेले असताना रूथ त्यांच्यापुढे पोस्टकार्ड घेऊन उभी राहिली. तिने स्वतःच लिहिलं होतं, फक्त टाकायचं होतं. आई आतून धावत आली. "हे काय गं मधेच? परीक्षा झाल्यावर बघू ना."

"नाही काकू. मामीला लहान बाळ आहे. तिला मदत होईल," रूथ म्हणाली.

"कोणी काही बोललं का तुला?"

"नाही."

आईने माझ्याकडे बघितलं. मी वेणीची रिबीन बांधत होते, बांधतच राहिले.

रविवारी मामा आला. बुटका, हसरा माणूस, हातांच्या रेषांत काळं वंगण. त्याने आईच्या पाया पडायला वाकून सांगितलं, "बहनजी, आपका एहसान नहीं भूलूँगा." आईने पेटीत रूथचे कपडे भरले, वर माझा निळा स्वेटर ठेवला.  रूथ टेम्पोत बसताना आईने तिच्या गालावरून हात फिरवला आणि आत निघून गेली. मी एकटी ओटल्यावर उभी राहिले. मला पाहिजे होतं ते सगळं त्या क्षणी मला मिळालं होतं.

त्या दिवशी गराडूचा ठेला आला आणि आईने पैसे दिले, पुडा माझ्या हातात दिला आणि आत गेली. सगळ्या फोडी माझ्या. बाबांनी कॅरमबोर्ड काढला नाही. सोमवारी सकाळी मला स्टोव्हचा आवाज आला. मी पडवीत गेले तर आईने सवयीने पातेली चढवली होती, आणि आता पाण्यात हलणाऱ्या अंड्याकडे बघत उभी होती. मला बघून ती म्हणाली, "घे. तुला पाहिजे होतं ना." त्यात राग नव्हता. तिने ते चमच्याने काढून वाटीत ठेवलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या बोटांनी सोललं. अर्धा पांढरा भाग कवचाबरोबर निघून गेला. मी एक घास खाल्ला. तो घशातून उतरेना.

मी तिथेच, पडवीच्या उंबऱ्यावर बसून सगळं सांगितलं. एका वाक्यात नाही सांगता आलं. कोटाचं, मामाचं, मिठीचं. सांगताना मी तिच्याकडे बघत नव्हते, वाटीकडे बघत होते. मला वाटलं होतं की ती मारेल. आईने स्टोव्हची हवा सोडली. तो फुस्स करून बंद झाला.

"मला इंग्लिश येत नाही," ती म्हणाली, "पण डोळे आहेत ना मला. ती बाई कोट शिवून राहिली होती आणि तू सांगत होतीस की काढून घेतला. कळत नाही का मला?"

"मग तू तेव्हाच का नाही बोललीस?"

"तुला चार लोकांत काय बोलू? आणि मी रूथला विचारलं ना. मला वाटलं ती खरं सांगेल. ती 'गेली' म्हणाली, तर मी समजले की हिला आपल्याकडे कंटाळा आला, हिचंच मन आहे जायचं." इथे आईचा आवाज फाटला. "पोर तुला वाचवत होती, आणि मी तिला जाऊ दिलं."

मी रडायला लागले. आईने मला जवळ घेतलं नाही. "तोंड धू," ती म्हणाली. "शाळा नाही आज. मानपूरला जायचं आहे. तिथे तू बोलायचं. मी एक शब्द बोलणार नाही."

बस महूपर्यंत भरलेली होती, पुढे बसायला जागा मिळाली. आई खिडकीबाहेर बघत होती आणि मी काय बोलायचं ते मनात पाठ करत होते. मानपूरला उतरल्यावर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ट्रक उभे, धाबे, धूळ, डिझेलचा वास. मामाचं दुकान विचारावं लागलं नाही. टायरांची उतरंड लांबून दिसत होती. दुकानाच्या मागे एक खोली, तिच्यापुढे रूथ उकिडवी बसून बाळाची दुपटी धूत होती. अंगात माझा निळा स्वेटर, बाह्या कोपरापर्यंत वर केलेल्या. आम्हाला बघून ती उठली आणि आधी आईला म्हणाली, "काकू, सगळं ठीक आहे ना? आई बरी आहे ना?"

"बरी आहे, बरी आहे," आई म्हणाली, आणि मला खांद्याला धरून पुढे केलं.

मी बसमध्ये पाठ केलेलं सगळं विसरले. म्हणाले, "मी आईला खरं सांगितलं. सिनेमाचं."

रूथने हात फ्रॉकला पुसले. "का सांगितलंस?"

"तू गेल्यावर घर चांगलं नाही लागत."

"मला पण इथे चांगलं नाही लागत," ती म्हणाली. मग जरा थांबून, "पण तिथे पण नव्हतं लागत. तू रोज माझ्याकडे बघायचीस अंडं खाताना. मला गिळता नाही यायचं."

 आई टायरांकडे तोंड करून उभी होती. मी म्हणाले, "मी नाही बघणार."

"बघशील," रूथ म्हणाली. ती सहज बोलली, भांडून नाही. "मी येते. पण परीक्षेसाठी येते. तुझ्यासाठी नाही."

मामाने चहा मागवला, बशीत सेव ओतली. त्याला यातलं काही कळलं नाही, पण तो खूष झाला. "पढ़ने में तेज है बहनजी," तो आईला म्हणाला, "यहाँ टायरों में क्या करेगी. ले जाओ." मामीने बाळ मांडीवर घेऊन रूथच्या हातात दोन गुळाचे खडे दिले, आणि आम्ही दुपारच्या बसने परत आलो.

गोष्ट अशी लिहिली की वाचणाऱ्याला वाटतं, इथून पुढे त्या मुलीचं मन साफ झालं. नातीच्या सिनेमांत तसंच होतं. थोरली एकदा बटणं लावते आणि पुन्हा कधी तिला राग येत नाही. माझं तसं झालं नाही. त्याच संध्याकाळी आईने रूथच्या ताटात आधी भात वाढला आणि माझ्या पोटात तीच जुनी कळ आली, तशीच, त्याच जागी. फरक एवढाच की आता मला त्या कळेचं नाव माहीत होतं. अंडं खाताना मी पडवीत जायचं बंद केलं. खोलीत बसून पाढे म्हणायची, मोठ्याने, म्हणजे तिला कळावं की मी दारात नाही. रूथ परीक्षेपर्यंत राहिली, वर्गात दुसरी आली; मी कितवी आले ते सांगत नाही. उन्हाळ्यानंतर सिस्टर बरी होऊन आली आणि तिची बदली खंडव्याला झाली. आज रूथ तिकडेच असते, शाळेत शिकवून निवृत्त झाली, आणि दर महिन्याला तिचा फोन येतो. आई गेली तेव्हा ती माझ्यापेक्षा जास्त रडली, आणि मला तेही सहन झालं नाही.

पण त्या नाताळची एक गोष्ट राहिली, जी आईला मी कधीच सांगितली नाही.

नाताळच्या दिवशी आई, बाबा, मी आणि रूथ सिस्टरला भेटायला सॅनेटोरियममध्ये गेलो. आईने करंज्या केल्या होत्या. दिवाळीनंतर दीड महिन्यात पुन्हा करंज्या, आणि त्याही कोणत्या सणाला, म्हणून ओळीतल्या काकूंनी नाक मुरडलं होतं. मुलांना वॉर्डात सोडत नसत. आम्ही खाली अंगणात उभे राहिलो आणि सिस्टर वरच्या व्हरांड्यात येऊन उभी राहिली, अंगावर दवाखान्याचं घोंगडं. ती इतकी वाळली होती की मी आधी ओळखलंच नाही. बाबा करंज्यांचा डबा घेऊन वर गेले. माळावरून बोचरं वारं येत होतं. रूथ मान वर करून तिच्या आईला सांगत होती, शाळेत काय झालं, गणितात किती मिळाले. सिस्टर ऐकत होती, हसत होती, कठड्यावरून वाकता येईल तेवढी वाकली होती.

आणि माझ्या आईने, तिच्या सवयीप्रमाणे, स्वतःच्या डोक्यावरचा स्कार्फ काढला आणि रूथच्या कानांवरून बांधला. हनुवटीखाली गाठ मारली. मग पदराच्या टोकाने तिचं वाऱ्याने वाहणारं नाक पुसलं. रूथ बोलता बोलता थांबली आणि माझ्या आईकडे तोंड करून उभी राहिली, लहान मूल राहतं तशी.

मी वर बघितलं. सिस्टरचं हसू तोंडावर होतं तसंच होतं, पण डोळे आईच्या हातांवर होते. कठड्यावरची तिची बोटं आवळली होती. त्या बाईला माझ्या आईबद्दल उपकारांशिवाय दुसरं काही वाटत असेल असं जगात कोणालाच वाटलं नसतं. मला मात्र ती नजर माहीत होती. महिनाभर पडवीच्या दारात उभी राहून मी तीच नजर लावली होती. सिस्टर तोंडाने म्हणाली, "ताई, तिचे कान लवकर गारठतात. मी सांगणारच होते." आणि आई खालून हसून म्हणाली, "माहीत आहे मला, तुम्ही काही काळजी करू नका." त्या 'माहीत आहे मला'ने सिस्टरचा चेहरा कसा झाला, ते फक्त मी बघितलं.

मी जोरात ओरडले, "आई, माझ्या पायात काटा गेला." आणि धपकन जमिनीवर बसले. आई माझ्याकडे आली. मी पाय दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवला आणि रडण्याचा आवाज काढला. तिने चप्पल काढली, तळवा चोळला, डोळे बारीक करून बघितलं, पदर ओला करून पुसलं. काटा असता तर सापडला असता.

मागे व्हरांड्यातून सिस्टरचा आवाज आला, एकदम नर्ससारखा, मोठा आणि ठाम. "रूथ, ती गाठ सोड. अशी नको, मागे बांध. हां. अजून घट्ट. आता कान आत घे." रूथ मान वर करून, तिच्याकडे बघत, ती सांगेल तसं करत होती.

आईला कळलं की काटाबिटा काही नाही. तिने माझा पाय झटकून खाली ठेवला आणि दबक्या आवाजात म्हणाली, "आज तरी नको गं कुंदा. त्या लेकराचा सण आहे. एक दिवस तरी तुझा हेवा घरी ठेवून यायचा होतास."

 ती उठून परत रूथकडे जायला निघाली, तेव्हा मी तिचं मनगट दोन्ही हातांनी धरलं आणि त्या मायलेकींचं बोलणं संपेपर्यंत सोडलं नाही.